पडझड: शून्य

माणूस मेला तर लोक जमतात, पंचनामा होतो, सह्या होतात, मग उचलतात. मशीन मेलं की सगळं उलटं. आधी उचलतात, चालतं करतात, आणि का मेलं होतं ते विचारायला कुणाला सवड नसते. काम चाललंय ना? मग झालं तर.

या उलट्या रीतीला एकच माणूस आडवा यायचा. त्याचं खरं नाव पगारपत्रकात होतं, बाकी सगळीकडे तो पंच. सर्व्हर पडला की बाकीचे बटणाकडे धावायचे आणि हा दोन्ही हात पसरून कपाटापुढे उभा राहायचा. "थांबा! आधी पंचनामा."

ही खोड बापाची. बाप पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचा. सायकलला पान्यांची पिशवी अडकवून या विहिरीवरून त्या विहिरीवर. इंजिन बंद पडलं की मालक हँडल मारायला बघायचा आणि बाप त्याच्या हातावर फटका द्यायचा. "सुरू काय कुणीही गाढव करील. आधी वास घे. जळकं येतंय का, कच्चं तेल येतंय का, का काहीच येत नाही. एकदा चालू झालं की त्याचं दुखणं ते विसरतं, आणि तूही विसरतोस." पोरगं मागच्या कॅरिअरवर बसून हे ऐकत वाढलं. पुढे शिकलं, शहरात आलं, पान्याच्या जागी कीबोर्ड आला, पण वास घ्यायची खोड काही गेली नाही.

सर्व्हरचा वास असतो डंप फाइलीत. मोठं मशीन मरायला टेकलं की मरता मरता एक काम करतं. त्या घडीला त्याच्या डोक्यात जे जे असेल ते जसंच्या तसं एका फाइलीत ओतून टाकतं. अर्धवट हिशोब, कुणी नुकतंच दाबलेलं बटण, कुणाचं अर्धं टाइप झालेलं वाक्य, सगळं. नंतर ती फाइल उघडून खालून वर वाचत गेलं की कळतं, शेवटचा हात कुणाचा लागला. नव्याण्णव टक्के अगम्य आकडे असतात. मेलेल्या जनावराचं पोट फाडल्यासारखं ते काम, घाण फार आणि हाती लागतं इवलंसं.

पण पंचाच्या हाती लागायचं. एकदा एका शाळेचं मशीन रोज पडायचं. कंपनीची तीन माणसं येऊन डोकं आपटून गेली. पंचानं डंप उघडला तर शेवटच्या पानावर एका मावशीचं पत्र! कारकुनानं एका मुलीच्या पत्त्याच्या चौकोनात तिच्या मावशीचं आख्खं तक्रारपत्र चिकटवलं होतं, चार पानी, आणि त्याचं शेवटचं वाक्य होतं, 'बाकी पत्ता तोच आहे.' त्या मुलीचा निकाल कुणी उघडला की मशीन ते पत्र गिळायला जायचं आणि घशात अडकून मरायचं. तेव्हापासून त्याचं नाव झालं. कुठं काही पडलं की निरोप यायचा, पंचाला बोलवा.

या कामात त्याचा एक नेम होता. डंप हाती आला की वाचायच्या आधी त्याचं नाव बदलायचं, नावात तारीख आणि वेळ घालायची. कारण मशीन अडाणी असतं. दर वेळी मरताना ते एकाच नावानं फाइल लिहितं. नाव बदललं नाही तर पुढच्या मरणाची फाइल मागच्या मरणावर बसते, आणि मागचं कायमचं पुसलं जातं. नाव बदलायला तीन सेकंद लागतात. सतरा वर्षांत दुसऱ्यांच्या मशीनवर पंचानं हे एकदाही चुकवलं नव्हतं.

त्याची स्वतःची नोकरी मात्र रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात होती. दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली, खिडक्यांना जाड पडदे, सहा टेबलं, सहा स्क्रीन, सहा फोन. फोन येतो, पत्ता टाइप होतो, 'पाठवा' दाबलं की सगळ्यात जवळच्या गाडीत घंटी वाजते. मागच्या काचेच्या खोलीत सर्व्हरचं कपाट, आणि त्याला लागून पंचाची खुर्ची.

आता या कपाटाची गोष्ट. साडेतीन वर्षांपूर्वी फोनचं बोलणं रेकॉर्ड करणारं कार्ड खरखरायला लागलं. नवा ड्रायव्हर, म्हणजे मशीनला ते कार्ड वापरता यावं म्हणून घालायचा छोटा प्रोग्रॅम, घातला तरी खरखर जाईना. पंचानं कुठूनतरी जुना ड्रायव्हर शोधून घातला. खरखर बंद. साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली. पण तो जुना ड्रायव्हर त्या मशीनचा नव्हता. उसन्या चपलेसारखा, चालताना निघून यायचा. आठ-दहा-अकरा दिवसांनी तो मेमरीत दुसऱ्याच्या जागेत पाय पसरायचा आणि सर्व्हर खाली.

पडला की सर्व्हर आपला आपण उठायचा. दीड मिनिटात. तेवढ्यात टेबलांवरच्या स्क्रीनवर एक गोल फिरायचा. फोनवाल्या बायका म्हणायच्या, "बसली चक्की दळायला," आणि नखं बघत थांबायच्या. मात्र पडल्याचा एक मेसेज साहेबांच्या फोनवर जायचा, आणि मेसेज गेला की साहेब काचेच्या खोलीत येऊन आरडाओरडा करायचे. तसं दोनदा झालं. तिसऱ्यांदा पंचानं तो मेसेजच बंद करून टाकला. मनाशी म्हणाला, तेवढं कारण शोधू, मग चालू करू. कारण त्याला पहिल्याच डंपात कळलं होतं. पण ते कार्ड बनवणारी कंपनी बुडालेली, नवीन कार्ड बसवायचं तर आठवडाभर रेकॉर्डिंग बंद, आणि साहेबांना सांगायचं कोणत्या तोंडानं? ज्या पाठीवर थाप घेतली तीच पाठ पुढे करायची? घोंगडं भिजत पडलं. महिन्याच्या रिपोर्टात एक रकाना होता, 'पडझड'. त्यात पंच दर महिन्याला लिहायचा, 'शून्य'. जगाच्या मशीनचे पंचनामे करणाऱ्यानं घरचं मढं गोधडीखाली ढकललं होतं.

आणि मग तो मंगळवार आला.

दुपारचे दोन वाजून सात मिनिटं. तीन नंबरच्या टेबलावर हॅलोताई होती. एकवीस वर्षं फोनवर. घरी पाहुणा आला तरी दार उघडून आधी "हॅलो" म्हणते, म्हणून हॅलोताई. जीभ तिखट, बोटं त्याहून तेज. एका बाईचा फोन आला. नवरा कुलूपवाला, दुकानात बसल्या बसल्या तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. हॅलोताईनं पत्ता घेतला, टाइप केला, 'पाठवा' दाबलं. "गाडी निघाली बाई, त्यांना कुशीवर झोपवा," म्हणाली आणि फोन ठेवला. स्क्रीनवर चक्की फिरली. फिरून थांबली. तिनं पुढचा फोन घेतला.

गाडी निघालीच नव्हती.

बेचाळीस मिनिटांनी त्या बाईचा पुन्हा फोन आला, तेव्हा बाई बोलत नव्हती, नुसती ओरडत होती. गाडी घेऊन गेला तो ड्रायव्हर भोंगा. सायरनपेक्षा त्याचाच आवाज मोठा, म्हणून भोंगा. परत आला तर आवाज नव्हता. कँटीनमध्ये चहा समोर घेऊन बसला आणि म्हणाला, "कुलूपवाला जगला रे. पण उजवी बाजू गेली सगळी. डाव्या हातात किल्ल्यांचा जुडगा धरून बसला होता. सोडवेना."

चौकशी लागली. नोंदीत पाहिलं तर कुलूपवाल्याच्या पहिल्या फोनचा पत्ताच नाही. फोन आल्याचं टेलिफोन खात्याकडं दिसत होतं, पण इथं नोंद नाही, 'पाठवा' नाही, काही नाही. रेकॉर्डिंगही त्याच मशीनमधून जायचं, तेही नेमकं तिथंच तुटलेलं. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही विसरलात." हॅलोताई म्हणाली, "मी पाठवलं." साहेब म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही." रिपोर्ट काढून दाखवला. पडझड, शून्य.

गुरुवारी तिला फोनवरून उठवलं आणि जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. पुढच्या गुरुवारी समिती बसणार होती. दोष ठरला तर नोकरी जाणार, आणि नोकरीपेक्षा वाईट म्हणजे एका माणसाचं अंग हिनं लुळं पाडलं, हे कायमचं कपाळी लिहिलं जाणार.

शुक्रवारी सकाळी ती काचेच्या खोलीत आली. दारात उभी राहिली, आत आली नाही.

"पंच, तू जगाचं बघतोस. माझं एवढं बघ. मी बटण दाबलं होतं. हे बोट बघ, याच बोटानं."

"ताई, बसा तरी."

"बसायचीच शिक्षा दिलीय मला. त्या मशीनच्या पोटात असेल बघ कुठंतरी. त्या वेळी चक्की फिरली होती. मी समितीला सांगितलं तर हसतील. चक्की काय म्हणतील!"

"बघतो," पंच म्हणाला.

"बघतो म्हणजे आमचे साहेब म्हणतात तसं, का तू म्हणतोस तसं?"

"बघतो ना, ताई."

ती गेली. पंचानं दार लावलं आणि सर्व्हरवर डंप फाइल शोधली. होती. मंगळवार, दोन वाजून सात. उघडली. खालून वर वाचत गेला, दहा ओळींत जुनी ओळख भेटली. रेकॉर्डिंग कार्डाचा जुना ड्रायव्हर. त्यात नवल नव्हतं. मग त्यानं वाचता येईल अशा मजकुराचा शोध चालू केला. अकरा मिनिटं मशीन चाळत राहिलं. आणि आकड्यांच्या चिखलातून एक ओळ वर आली. कुलूपवाल्याच्या गल्लीचं नाव, दुकानाची खूण, 'तोंड वाकडं, बोलणं बंद', टेबल तीन, 'पाठवा', दोन-सात-एकतीस. तिनं दाबलेलं बटण मशीनच्या डोक्यापर्यंत पोचलं होतं. नोंदीत उतरायच्या आत मशीन मेलं.

पंच खुर्चीत मागे रेलला. समोर एकाच फाइलीत दोन गोष्टी होत्या. हॅलोताई निर्दोष आणि आपण दोषी. एक दाखवायची तर दुसरी दाखवावी लागणार. एकाच नाण्याला दोन बाजू असतात म्हणून कुणी नाणं अर्धं कापून देत नाही.

हात सवयीनं कीबोर्डकडं गेला. नाव बदलायचं. तारीख, वेळ. तीन सेकंद.

हात तिथंच राहिला.

कारण काहीच करायची गरज नव्हती. हीच त्यातली मेख होती. फाइल पुसायला नको, कुणाला खोटं सांगायला नको. नुसतं बसून राहिलं की आठ-दहा दिवसांत मशीन पुन्हा पडेल आणि आपल्याच पुराव्यावर आपणच बसेल. पंचानं फाइल बंद केली. स्वतःशी म्हणाला, सोमवारी करू. घाई काय आहे? मंगळवारी पडलाय, पुढचा गुरुवार-शुक्रवार येईल.

शनिवार-रविवार घरी. घरात बायको, शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी, आणि आई, ऐंशीला टेकलेली. शनिवारी सकाळी आईच्या कोपरावर निळाजांभळा डाग दिसला.

"आई, पडलीस का?"

"पडले नाही. बसले."

"कुठं बसलीस?"

"न्हाणीत बसले. तुला काय करायचंय? उठले ना माझी मी?"

बायको आतून म्हणाली, "या महिन्यातलं तिसरं बसणं आहे हे. मला सांगत नाहीत, तुम्हाला सांगत नाहीत. तुम्ही तरी ओरडा जरा."

पंचाला ओरडायला तोंड नव्हतं. त्यानं मलम आणलं आणि कोपराला लावलं. आई त्याच्याकडं बघत म्हणाली, "तुझं काय बिघडलंय? तोंड असं का, परीक्षेत नापास झाल्यासारखं?"

"काही नाही."

"मग तूपण बसलास वाटतं कुठंतरी," म्हातारी म्हणाली आणि स्वतःच हसली.

सोमवारी कँटीनमध्ये सगळ्यांच्या तोंडी हॅलोताईच. कुणी म्हणे, वय झालं. कुणी म्हणे, घरची काळजी असेल डोक्यात. पंचाच्या तोंडून निघून गेलं, "मशीनमधला ड्रायव्हरसुद्धा असू शकतो."

भोंगा उसळला. "वा! गाडी उशिरा गेली, ड्रायव्हर. रस्त्यात खड्डा, ड्रायव्हर. आता मशीन बिघडलं तरी ड्रायव्हर! आमच्या जातीवर टपलेत सगळे."

सगळे हसले. पंचही हसला. ते हसू त्याच्या घशात मावशीच्या पत्रासारखं अडकलं.

सोमवार गेला. मंगळवारी दुपारी हॅलोताई जिन्यात भेटली. हातात फायलींचा गठ्ठा, केसांवर धूळ.

"बघितलंस?"

"चाळतोय, ताई. मोठी फाइल आहे."

तिनं गठ्ठा छातीशी धरला आणि नुसती बघत राहिली. एकवीस वर्षं फोनवर नुसत्या आवाजावरून माणूस खरं बोलतोय का घाबरलाय हे ओळखायची सवय. पंचानं मान खाली घातली आणि दोन दोन पायऱ्या सोडत वर गेला. खुर्चीत बसला. म्हणाला, बस झालं, उद्या सकाळी पहिलं काम हेच. अगदी शपथ घातली स्वतःला. तेव्हासुद्धा हात लांबवायचा अवकाश होता, फाइल दीड वितीवर होती. कळत होतं, वळत नव्हतं.

बुधवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी पंच जिना चढत होता. वरून एक फोनवाली दुसरीला म्हणताना ऐकू आली. "बसली गं चक्की."

पंच पळाला. आयुष्यात पहिल्यांदा जिन्यावर पडला, गुडघा फुटला, उठून तसाच पळाला. काचेच्या खोलीत पोचला तेव्हा कपाटावरचे दिवे पुन्हा लागत होते. आठच दिवसांत. त्यानं फाइल पाहिली. नाव तेच. तारीख बुधवार, नऊ बारा.

तरी उघडली. तोच ड्रायव्हर, तेच पाय पसरणं. मजकुराचा शोध चालू केला. अकरा मिनिटं. एक पाय मुरगळलेला मुलगा, एक बाळंतपण, एक खोटा फोन. कुलूपवाला कुठंच नव्हता. पुन्हा शोध चालू केला. गल्लीच्या नावानं, टेबलाच्या नंबरानं, वेळेनं. मशीनला काय, सांगाल तितक्यांदा शोधतं आणि तितक्यांदा सांगतं, नाही. दुपारपर्यंत पंच ते ऐकत बसला. गुडघ्याचं रक्त विजारीला चिकटून वाळलं.

मनाला हवं होतं ते झालं होतं. वाटलं होतं की असं झालं की सुटल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

गुरुवारी समिती बसली. साहेब, एक डॉक्टर आणि मुख्य कचेरीतल्या एक बाई, चष्मा गळ्यात अडकवलेल्या. हॅलोताई भिंतीला लागून खुर्चीवर. तिला विचारून झालं होतं. तेवढ्यात पंच न बोलावता आत आला, हातात कागदांची चळत.

"काय रे?" साहेब म्हणाले. "प्रिंटर बिघडलाय का?"

"त्या मंगळवारी दोन वाजून सात मिनिटांनी सर्व्हर पडला होता," पंच म्हणाला. "ही मशीनची स्वतःची नोंद. पडल्याची वेळ मशीन लिहून ठेवतं. ही सगळी यादी. साडेतीन वर्षांत एकशे एकतीस वेळा पडलाय. हा कालचा धरून."

साहेबांनी कागद ओढला. "एकशे एकतीस? माझ्या रिपोर्टात शून्य आहे!"

"ते शून्य मीच काढलंय, साहेब."

पंचानं सगळं सांगितलं. जुना ड्रायव्हर, बंद केलेला मेसेज, आपोआप उठणारं मशीन. मग म्हणाला, "ताईंनी 'पाठवा' दाबलं होतं. दोन-सात-एकतीसला. मी डंप फाइलीत माझ्या डोळ्यांनी वाचलंय."

चष्म्याच्या बाईंनी चष्मा चढवला. "ती फाइल आणा."

"ती नाही राहिली. काल सकाळी मशीन पुन्हा पडलं, त्यावर नवी बसली."

"तुम्ही कधी वाचलीत?"

"शुक्रवारी."

"प्रत का नाही ठेवली?"

"प्रतही नको होती. नुसतं नाव बदललं असतं तरी वाचली असती. तीन सेकंद लागतात." पंचानं ओठांवरून जीभ फिरवली. "माझ्याकडं पाच दिवस होते."

"मग?"

"मग काही नाही. बसून राहिलो."

हॅलोताईनं इतका वेळ भिंतीकडं बघितलं होतं. आता तिनं मान वळवली. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "मंगळवारी जिन्यात म्हणालास, चाळतोय."

"हो."

"तेव्हा होती?"

"होती, ताई."

तिनं पुन्हा भिंतीकडं तोंड फिरवलं.

डॉक्टर तेवढ्यात यादी खालीवर बघत होते. अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाकीच्या एकशे तीस वेळा काय झालं? तेव्हा कुणी 'पाठवा' दाबलं असेल तर?"

या प्रश्नाचा पंचानं साडेतीन वर्षांत विचार केला नव्हता असं नाही. चक्की दीड मिनिटच फिरते, लोक पुन्हा फोन करतात, असं तो स्वतःला सांगायचा.

"माहीत नाही," तो म्हणाला. "सुरुवातीचे डंप नाव बदलून ठेवलेत. पुढं पुढं तेही सोडलं. ते आता कुठंच नाहीत."

निकाल पंधरा दिवसांनी आला. सर्व्हर पडला होता हे सिद्ध. बाईंनी बटण दाबलं होतं हे एका माणसाच्या तोंडी शब्दापलीकडं सिद्ध नाही, आणि तो माणूस साडेतीन वर्षं शून्य लिहीत होता. म्हणून बाईंना संशयाचा फायदा देऊन पुन्हा फोनवर घेण्यात येत आहे. पंचाला सर्व्हरवरून काढून तळमजल्यावर, प्रिंटरच्या शाईच्या आणि मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत बसवण्यात आलं. पुढची कारवाई व्हायची होती. ती पुढं बरेच महिने व्हायचीच राहिली. ते टांगलेपण कारवाईपेक्षा वाईट.

पत्र घेऊन हॅलोताई त्या खोलीत आली. या वेळी आत आली आणि एका मोडक्या खुर्चीवर बसली.

"वाच," म्हणाली.

पंचानं वाचलं. "ताई, नोकरी तर राहिली."

"संशयाचा फायदा म्हणे. फायदा माझा, आणि संशय? तोही माझाच. कालच शेजारीण म्हणाली, सुटलात बाई. सुटलात! चोर सुटतो, पंच. मी काही केलंच नव्हतं, मी कशातून सुटले?" तिनं पत्राची घडी घातली. "त्या कुलूपवाल्याच्या बायकोला मी तोंड दाखवायला गेले होते. तिनं दार लावून घेतलं. तुझी फाइल असती तर ती मी तिच्या दारावर चिकटवली असती."

पंच म्हणाला, "ताई, माफ—"

"ते नको. ते तुला हवंय, मला त्याचा उपयोग नाही." ती उठली. "तुला सांगायला आले ते वेगळंच. मी वही सुरू केलीय."

वही साधी होती, लांबट, रेघा मारलेली. चक्की फिरली की हॅलोताई त्यात वेळ लिहायची आणि त्या घडीला हातात असलेला फोन, पत्ता, सगळं पेनानं. बाकीच्या पाच टेबलांनाही तिनं तेच लावलं. नवीन कार्ड बसलं होतं, जुना ड्रायव्हर गेला होता, सर्व्हर आता पडत नव्हता. तरी वही चालू. आणि रोज पाळी संपताना तळमजल्यावर फोन यायचा. "हॅलो. वर ये."

पंच दोन जिने चढून जायचा. फुटलेला गुडघा अजून कुरकुरायचा. ती वही पुढं करायची.

"आधी वाच. मग सही. न वाचता पुढं जायचं नाही, आणि वाचून गप्प बसायचं नाही. साक्षीदार म्हणून कर."

बाकीच्या बायका कीबोर्डकडं बघायच्या. भोंगा एकदा तिथं होता, तोही खिडकीच्या पडद्याकडं बघत राहिला.

एका संध्याकाळी पानावर काहीच नव्हतं. नुसती तारीख. पंचानं पेन घेतलं आणि सवयीनं विचारलं, "आज चक्की फिरली नाही ना? मग शून्य लिहू?"

हॅलोताईनं त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"शून्य लिहायचं नाही," ती म्हणाली. "आम्ही सहा जणींनी पाहिलं नाही, एवढंच खरं. रिकामं सोड."

तिनं पेन परत दिलं. पंचानं रिकाम्या रेघेखाली सही केली, वेळ घातली आणि जिना उतरायला लागला.